ओलेड टीव्ही, आठ महिन्यांनंतर (डॉक्युमेंटरी बघणाऱ्यांनी नक्की वाचा)

टीव्ही घेऊन आठ महिने झाले. ५५ इंची, ओलेड (मागे दिवा नसलेला, प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा पडदा), फोर-के. रिव्ह्यू लगेच लिहायचा नाही असं आधीच ठरवलं होतं, कारण पहिल्या आठवड्यात नवीन वस्तूचं सगळंच भारी वाटतं, खरं काय ते नंतर कळतं. आणि आमच्या घरी टीव्हीचा वापर जरा वेगळा आहे, मालिका नाहीत, सिनेमे कधीतरी, बाकी जे लागतं ते बहुतेक सगळं डॉक्युमेंटरी, अंतराळ, समुद्र, प्राणी, जुन्या लढायांच्या फिल्म्स, आणि रात्री जेवण झाल्यावर विज्ञानाच्या बातम्या. त्यामुळे गेमिंग कसं होतं, मॅच कशी दिसते वगैरे माझ्याकडून कळणार नाही. कंपनीचं नाव टाकत नाहीये, कारण जे आवडलं ते ओलेड पॅनलमुळे आहे आणि जे डोक्यात गेलं ते आजकाल जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या टीव्हीत असतं, फक्त मेनूत नाव वेगळं.

जे डोक्यात गेलं तिथूनच सुरू करते.

टीव्ही आला त्याच रविवारी माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला शेजारी बसवून अपोलो ११ च्या लँडिंगची फिल्म लावली. ही फिल्म मी किती वेळा पाहिलीये त्याची मोजदाद नाही. यानाच्या खिडकीशी बसवलेला १६ एमएमचा कॅमेरा, खालून सरकत जाणारी खड्ड्याखड्ड्यांची जमीन, मग अगदी शेवटी इंजिनाच्या झोताने धूळ उडायला लागते आणि त्या धुळीत यानाची सावली दिसते. दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो. यावेळी नाही आला. काहीतरी चुकतंय हे दिसत होतं पण काय ते कळत नव्हतं, जमीन तेलावरून घसरल्यासारखी सरकत होती, खड्ड्यांच्या कडा मधेच वितळायच्या आणि परत जुळायच्या, आणि धूळ तर धूळ वाटतच नव्हती, पडदा हलल्यासारखं काहीतरी. भाची शांतपणे म्हणाली, "मावशी, हे कॉम्प्युटरवर बनवलंय ना?"

मला खरंच वाईट वाटलं. माणूस चंद्रावर उतरताना जे प्रत्यक्ष कॅमेऱ्यात आलं ते एका मुलीला खोटं वाटलं, आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं, कारण आम्ही बघत होतो त्यातला बराचसा भाग खरंच टीव्हीने बनवलेला होता.

हे कसं होतं ते सांगते, कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि दुकानात कोणी सांगत नाही. सिनेमा किंवा डॉक्युमेंटरी साधारण सेकंदाला २४ फ्रेम्सची असते. माझा टीव्ही सेकंदाला १२० वेळा चित्र रंगवतो. २४ पंचे १२०, म्हणजे एकेक फ्रेम पाच वेळा दाखवली की झालं, टीव्हीचं काम एवढंच. पण मोशन स्मूदिंग चालू असेल तर टीव्ही दोन फ्रेम्स घेतो, कुठली वस्तू कुठून कुठे गेली असेल याचा अंदाज बांधतो आणि मधल्या चार फ्रेम्स स्वतःच्या मनाने तयार करून घुसवतो. पाचातली एक खरी, चार अंदाजाच्या. अपोलोच्या त्या कॅमेऱ्याला तर सेकंदाला १, ६, १२ आणि २४ असे स्पीड होते, फिल्म मोजकीच बरोबर असायची म्हणून कमी स्पीडवरही शूटिंग करायचे. आता जिथे मुळातच फ्रेम्स कमी तिथे दोन फ्रेम्समधलं अंतर जास्त, अंतर जास्त म्हणजे अंदाज जास्त, आणि धुळीला तर धड कडाच नसतात, मग अंदाज कशावरून बांधणार? म्हणून ती धूळ पडद्यासारखी झाली.

हे सेटिंग टीव्ही खोक्यातून काढल्यापासूनच चालू असतं! कोणी विचारलं नव्हतं.

सिनेमाच्या बाबतीत हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे असं म्हणता येईल, कुणाला तसं गुळगुळीत बघायला आवडतं, बघू दे. पण डॉक्युमेंटरीत माझ्या मते हा प्रश्न आवडीचा राहतच नाही. डॉक्युमेंटरी आपण बघतो ती 'हे घडलं होतं' म्हणून. कॅमेरा तिथे होता, त्याच्या भिंगातून प्रकाश आत गेला, फिल्मवर उमटला, यावर सगळा विश्वास उभा असतो. मग जे कुठल्याच कॅमेऱ्याने पाहिलं नाही ते मधे घुसवायचं आणि सांगायचंही नाही, हे मला साफ नामंजूर आहे.

कोणी म्हणेल जुन्या फिल्म्समध्ये नव्या फ्रेम्स बनवून घालणं तर मोठमोठे दिग्दर्शकही करतात. करतात की. पीटर जॅक्सनने पहिल्या महायुद्धाच्या फिल्म्स घेऊन २०१८ मध्ये डॉक्युमेंटरी केली, त्यात नेमकं हेच केलंय. तेव्हाचे कॅमेरे हाताने हँडल फिरवून चालायचे, त्यामुळे स्पीड कधी १० कधी १८, आणि आजच्या स्पीडने लावलं की सैनिक तुरुतुरु पळताना दिसतात, हसू येतं बघून. त्यांनी फ्रेम्स भरून तो वेग माणसाच्या चालीला आणला, रंग दिले, ओठांची हालचाल वाचणाऱ्या लोकांना बसवून सैनिक काय बोलत असतील ते शोधलं. त्याच्यावरही वाद घालता येतो, मला स्वतःला रंग दिलेले काही शॉट पटले नाहीत, पण तिथे माणसांनी एकेका शॉटपुढे बसून निर्णय घेतला आणि आम्ही हे हे केलंय म्हणून उघड सांगितलं. माझ्या टीव्हीतल्या चिपला समोर चंद्र आहे का साबणाची जाहिरात आहे हेसुद्धा कळत नाही.

तर उपाय. मेनूत पिक्चर मोडमध्ये जाऊन 'फिल्ममेकर मोड' निवडा, एवढं केलं तरी निम्म्याहून जास्त काम होतं. टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओ यांच्या एका संघटनेने २०१९ मध्ये हा मोड जाहीर केला, त्यात स्मूदिंग, शार्पनेस, नॉइज रिडक्शन सगळं बंद होतं आणि पांढरा रंग ६५०० केल्विनच्या आसपास येतो, म्हणजे ज्या मॉनिटरवर बसून डॉक्युमेंटरीचे रंग ठरवले त्याच्या जवळ जातो. पहिले दोनतीन दिवस चित्र पिवळट आणि मंद वाटेल, वाटू दे, डोळ्यांना दुकानातल्या निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते ती उतरायला वेळ लागतो. आमच्याकडे टीव्ही बसवायला आलेल्या दादाने जाताना 'व्हिव्हिड' करून दिलं होतं आणि म्हणाला बघा ताई काय झकास दिसतंय. त्यात झाडं इतकी हिरवी होती की पोपट फांदीवर बसलाय हे तो उडाल्यावर कळलं.

मोड बदलून तीच चंद्राची फिल्म पुढच्या रविवारी परत लावली. आता चित्र धडधडत होतं, दाणे दिसत होते, एका ठिकाणी फिल्मवरचा ओरखडासुद्धा. भाची बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पण कॅमेरा कोणी धरला होता?" कोणीच नाही ग, खिडकीशी घट्ट बसवला होता, आतले दोघंही अंतराळवीर यान उतरवण्यात गुंतले होते. मग पुढचा अर्धा तास प्रश्नच प्रश्न, बाहेरून चालतानाचं चित्र कुठून आलं, ते इतकं भुतासारखं का दिसतं. त्याचं उत्तर मला फार आवडतं. बाहेरचं चित्र घेणारा तो टीव्ही कॅमेरा सेकंदाला फक्त १० फ्रेम्स पाठवायचा, तेही ३२० ओळींचं चित्र, आणि नेहमीच्या टीव्हीवर ते चालेना, म्हणून पृथ्वीवरच्या केंद्रात ते एका मॉनिटरवर दाखवून त्या मॉनिटरसमोर दुसरा कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र जगाला दाखवलं. म्हणजे लोकांनी २० जुलै १९६९ ला जे पाहिलं ते पडद्याचं शूटिंग होतं! त्या धूसरपणाला कारण आहे, तो त्या चित्राच्या प्रवासाचा भाग आहे. तो पुसून गुळगुळीत केला तर गोष्टच पुसली गेली.

आता कौतुक, आणि ते मनापासून आहे. ओलेडचा काळा रंग. एलईडी टीव्हीत मागे दिवे असतात आणि पुढचं पॅनल तो प्रकाश अडवतं, पण पूर्ण अडत नाही म्हणून काळ्याच्या जागी गडद राखाडी दिसतं, आणि महागड्या सेटमध्ये मागच्या दिव्यांचे शेकडो भाग करून काळ्या जागेतले मंद करतात, पण तारा एवढासा आणि दिव्याचा भाग केवढा तरी मोठा, त्यामुळे एकतर ताऱ्याभोवती धुरकट वर्तुळ येतं नाहीतर तारा बिचारा दिव्याबरोबर विझतो. ओलेडमध्ये मागे दिवाच नाही. सुमारे ८३ लाख पिक्सेल आहेत आणि प्रत्येक स्वतः उजळतो, काळं दाखवायचं म्हणजे तो पिक्सेल चक्क बंद. १९८७ मध्ये कोडॅकमधल्या टँग आणि व्हॅन स्लाइक या दोघांनी कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या अशा सेंद्रिय दिव्याचा पेपर छापला होता, फिल्म बनवणाऱ्या कंपनीत याचं मूळ आहे हे मला फार छान वाटतं.

याचा खरा अर्थ कळला तो खोल समुद्राची डॉक्युमेंटरी लावल्यावर. खोलीतले दिवे घालवले होते. साधारण १००० मीटरच्या खाली सूर्याचा प्रकाश उरतच नाही, जो काही उजेड तो प्राण्यांचा स्वतःचा, आणि बहुतेक निळा, कारण पाण्यात निळाच लांब जातो. कॅमेरा खाली जात राहिला आणि एका क्षणी टीव्हीची चौकट दिसेनाशी झाली. भिंत कुठे संपली आणि पडदा कुठे सुरू झाला कळेना. मग डावीकडे वर एक निळा ठिपका, मग एक माळ, मग ती माळ लांबत गेली. आमचे बाबा, जे एरवी डॉक्युमेंटरी लागली की दहा मिनिटात घोरायला लागतात, ते खुर्चीत पुढे सरकून बसले आणि म्हणाले दिवा लावू नका कोणी. जुन्या टीव्हीवर हाच भाग आम्ही पाहिला होता, तेव्हा समुद्र राखाडी होता आणि कोणाला काही वाटलं नव्हतं.

ताऱ्यांसाठी मी एक चाचणी ठरवलीये, कुठलाही टीव्ही बघायला गेले की हीच लावणार. व्हॉयेजर १ या यानाने १४ फेब्रुवारी १९९० ला सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून मागे वळून पृथ्वीचा फोटो काढला, तो तुम्हाला माहीत असेलच. त्यात आपली पृथ्वी एक पिक्सेलसुद्धा नाही, ०.१२ पिक्सेल आहे. भिंगात सूर्याचा प्रकाश शिरून जे पट्टे पडले त्यातल्या एका पट्ट्यात फिकट ठिपका. डॉक्युमेंटरीत हा फोटो हळूहळू झूम करत दाखवतात. मी नॉइज रिडक्शन 'हाय'वर ठेवून तो भाग लावला. नॉइज रिडक्शनचं काम काय, तर आजूबाजूशी न जुळणारा एकटा ठिपका दिसला की ही घाण आहे समजून साफ करायची. ठिपका आधी फिका झाला, मग झूम सरकताना दोनदा गायबच. पृथ्वी गेली! नॉइज रिडक्शन बंद केलं, ठिपका जागच्या जागी, नीट. आभाळाच्या शॉटमध्येही तसंच, बारीक तारे कमी होतात, राहतात ते मोठे चारपाच. तेव्हा अंतराळ बघणाऱ्यांनी हे सेटिंग बंदच ठेवा, जुन्या खराब रेकॉर्डिंगला एखादवेळी 'लो' चालेल.

शार्पनेसचं पण असंच. जेम्स वेब दुर्बिणीचे फोटो १२ जुलै २०२२ ला पहिल्यांदा आले तेव्हापासून मी वेडी आहे त्यांच्यासाठी. त्यात चमकदार ताऱ्यांना सहा मोठे आणि दोन छोटे टोकदार किरण दिसतात, ते शोभेसाठी काढलेले नाहीत, आरशाच्या षटकोनी तुकड्यांमुळे आणि पुढचा छोटा आरसा धरणाऱ्या दांड्यांमुळे येतात, म्हणजे दुर्बिणीची सहीच म्हणा. शार्पनेस वाढवला की टीव्ही प्रत्येक किरणाला बाहेरून एक पांढरी रेघ काढतो आणि बघणाऱ्याला वाटतं तेही आकाशातलंच. यावर माझ्या मैत्रिणीने विचारलं की अग पण वेबचे रंग तरी कुठे खरे असतात, ते इन्फ्रारेड, डोळ्यांना दिसतच नाही, रंग शास्त्रज्ञच देतात ना. बरोबर आहे तिचं. पण तिथे नियम ठरलेला आहे, कमी तरंगलांबीला निळा, जास्तीला लाल, कुठल्या फिल्टरला कुठला रंग दिला ते फोटोबरोबर लिहून देतात. २०१९ मध्ये कृष्णविवराची ती नारिंगी कडी आली तीही रेडिओ दुर्बिणींची, नारिंगी रंग माणसांनी दिला, आणि सांगून दिला. टीव्हीने कुठली रेघ वाढवली ते टीव्ही कधीच सांगत नाही, माझं भांडण तेवढ्यापुरतं आहे.

आता ओलेडचे स्वतःचे दोष, ते लपवणार नाही. एक म्हणजे बर्फ. अख्खा पडदा पांढरा झाला की सगळे पिक्सेल एकदम उजळतात, वीज आणि उष्णता आवरायला टीव्ही स्वतःहून उजेड कमी करतो. अंटार्क्टिकाच्या डॉक्युमेंटरीत पेंग्विनांची रांग दूरवर चाललीये, भोवती फक्त बर्फ, तिथे डोळे दिपायला हवेत आणि आमच्याकडे बर्फ ढगाळ दिवसासारखा दिसतो. उन्हं येणाऱ्या खोलीत दुपारी तर विचारूच नका. बर्फ आणि वाळवंट जास्त बघणाऱ्याने, किंवा ज्याची खोली उजेडाची आहे त्याने, चांगला एलईडी घ्यावा असंच मी सांगेन.

दुसरं, स्मूदिंग बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं. ओलेडचे पिक्सेल क्षणात बदलतात, त्यामुळे प्रत्येक फ्रेम ठाम उभी राहते आणि मग पुढच्या फ्रेमवर उडी. जंगलावरून ड्रोन फिरतो तेव्हा जास्त जाणवतं, आईला पहिल्या दिवशी डोकं दुखलं. आमच्याकडे स्मूदिंगला ० ते १० असा आकडा आहे, आई एकटी बघते तेव्हा २ वर ठेवते, तेवढ्यात चित्र वितळत नाही. माझ्यासाठी शून्य.

तिसरं जुनं साहित्य. माझा जीव सगळ्यात जास्त ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या विज्ञान मालिकांमध्ये, आणि त्या जुन्या टीव्हीच्या मापाच्या, ७२० गुणिले ५७६. हिशोब केला तर बरोबर विसावा भाग होतो फोर-केचा. म्हणजे वीस पिक्सेलमागे एकाची माहिती आहे आणि एकोणीस टीव्हीने भरायचे. नुसतं ताणून भरलं तर मऊ, धुवट चित्र येतं, ते मला चालतं. पण 'एआय अपस्केलिंग' चालू केलं की चेहऱ्यांची त्वचा मेणासारखी होते आणि मागच्या फळ्यावरची समीकरणं, जी मुळात वाचताच येत नव्हती, ती अक्षरासारख्या दिसणाऱ्या पण कुठलंच अक्षर नसलेल्या रेघा होतात. मी एकदा टीव्हीजवळ जाऊन ती वाचायचा प्रयत्न केला. त्यापेक्षा धूसर फळा शंभरपट बरा, तिथे निदान कळतं की दिसत नाहीये.

एक तक्रार टीव्हीची नाही पण टीव्हीमुळे दिसते. इंटरनेटवरून येणारं फोर-के म्हणजे सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट, फोर-के ब्लू-रे डिस्कवर ते १२८ पर्यंत जाऊ शकतं. एवढं पिळून काढताना पहिला बळी जातो तो अंधाराचा, कारण अंधारात कोण काय बघतंय असा हिशोब असतो. आणि ओलेड तर अंधार दाखवण्यातच पटाईत! मग खोल समुद्राच्या निळ्यातून काळ्यात जाताना पायऱ्या दिसतात, चौकोनी ठोकळे तरंगतात. ज्या दोनतीन डॉक्युमेंटरी परत परत बघणार त्या डिस्कवर घ्याव्यात असं माझं आता पक्कं मत झालंय.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही, पॅनल वीतभर जाड असता तर चांगला स्पीकर मावला असता, तो बोटभर आहे, निवेदन कळतं पण देवमासा गायला लागला की खालचे सूर येतच नाहीत. साउंडबार लागतोच.

आणि बर्न-इन, म्हणजे पडद्यावर चित्राचा कायमचा उमटून राहणारा डाग. बातम्यांचा चॅनल तासनतास लावून ठेवणाऱ्यांनी जपा, कोपऱ्यातला लोगो आणि खालची पट्टी एकाच जागी जळत राहते आणि तिथले पिक्सेल बाकीच्यांपेक्षा लवकर थकतात. आठ महिन्यात आमच्याकडे काही दिसलेलं नाही, राखाडी पडदा लावून मुद्दाम तपासलं. रात्री टीव्ही बंद केल्यावर तो स्वतः पिक्सेल ठीकठाक करतो, त्यासाठी मेन स्विच बंद करायचा नाही, हे आमच्या बाबांना पटवायला मला महिना लागला.

मागच्या महिन्यात सॉफ्टवेअर अपडेट आला. दुसऱ्या दिवशी काहीतरी लावलं तर परत तेच, तेलकट. मेनूत जाऊन बघते तर स्मूदिंग चालू, नॉइज रिडक्शन 'ऑटो', सगळं पहिल्यासारखं. गेल्या वेळी सगळ्या आकड्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते म्हणून पाच मिनिटात परत लावता आलं, तुम्हीही काढून ठेवा. तरी एक सेटिंग माझ्याकडून राहिलंच होतं, ते भाचीने पकडलं. तिने चंद्राची फिल्म लावली, धूळ उडेपर्यंत थांबली आणि आतून ओरडली, "मावशी, परत पडदा झालाय!"